कडेला चिकटून चालवू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सीवूड्सला राहते, नोकरी वाशीला. दिवाळीनंतर सायकलने ऑफिसला जायला लागले. पाम बीच रोडच्या अगदी कडेने चालवते, तरी गाड्या कोपराला वारा लावून जातात. सासरे म्हणतात, उलट्या बाजूने जा, निदान समोरची गाडी दिसेल तरी. काय करू?
— एक वाचक, सीवूड्स

उत्तर : ताई, सासऱ्यांची काळजी खरी आहे, पण उलट्या बाजूने अजिबात जाऊ नका. तुमचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि गाडीचा ५० धरा. एकाच दिशेने जात असाल तर ती तुमच्याजवळ ३५च्या वेगाने येते, समोरासमोर असाल तर ६५च्या. ड्रायव्हरला सावरायला मिळणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर येतो. शिवाय सेक्टरमधून बाहेर पडून डावीकडे वळणारा माणूस उजवीकडे बघत असतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. डावीकडून कुणी सायकलवर येत असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

आता कडेचं. जितकं कडेला तितकं सुरक्षित, हे आपल्या मनात लहानपणापासून इतकं पक्कं बसलंय की मी ठाण्यात उपवनला सकाळी ज्या बायकांना सायकल शिकवते, त्यांच्याशी माझा पहिला वाद यावरच होतो. कडेला काय असतं? वाळू, काचा, खचलेले पेव्हर ब्लॉक, गटाराची झाकणं. ती चुकवायला तुम्ही एकदम उजवीकडे येता आणि मागच्याला त्याची काही कल्पना नसते. त्याहून वाईट म्हणजे, तुम्ही अगदी कडेला असलात की मागच्या गाडीवाल्याला वाटतं, स्टिअरिंग न वळवताही आपण निघून जाऊ. तुमच्या कोपराला वारा लागतो तो यामुळेच. म्हणून कडेपासून साधारण एक मीटर सोडा आणि तिथेच सरळ रेषेत चालवा. मग त्याला तुम्हाला ओलांडायला थोडं बाजूला व्हावंच लागतं. हॉर्न वाजतील, वाजू द्या. ज्याने हॉर्न वाजवला, त्याने तुम्हाला पाहिलेलं आहे.

उभ्या गाड्यांच्या शेजारून जाताना एक मीटरही पुरत नाही. कारचं दार उघडलं तर ते जिथवर येईल, त्याच्या बाहेरून जा. मागच्या काचेतून ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतंय का, गाडीचे लाल दिवे आत्ताच विझले का, एवढं बघायची सवय लावून घ्या.

आणि रस्त्याचं म्हणाल तर रोजच्या जाण्यायेण्यासाठी मला पाम बीच पसंत नाही. लांबलचक सरळ रस्ता, त्यामुळे गाड्या सुसाट असतात. नेरुळ, जुईनगर, सानपाडा असं आतल्या रस्त्यांनी या. वेळ जास्त लागेल, गतिरोधकही लागतील, पण तिथे गाड्यांचा वेग तुमच्या वेगाच्या जवळपास असतो. सानपाड्याहून वाशीत शिरताना सायन-पनवेल महामार्ग पार करावा लागतो. तिथे सायकलवरून उतरा आणि ती हातात धरून चालत जा. त्यात कमीपणा काही नाही.

एक गोष्ट मात्र सोसायटीच्या आवारात घोटून घ्या : मागे वळून बघणं. मान उजवीकडे वळवली की हँडलही नकळत उजवीकडे ओढलं जातं आणि सायकल गाडीच्या वाटेत जाते. घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा. त्यांनी बोटं दाखवायची आणि तुम्ही चालत्या सायकलवरून मागे बघून किती ते सांगायचं. फरशीची रेघ न सोडता हे जमायला लागलं की मग वळताना उजवा हात दाखवायला शिका. हात दाखवण्याच्या आधी मागे बघणं, हा क्रम बदलू नका. सासऱ्यांनाच उभं करा ना मागे. त्यांचीही काळजी जरा कमी होईल.

प्रश्न : मी पातलीपाड्याहून घोडबंदर रोडने कॉलेजला सायकलने जातो. ट्रक आणि कंटेनरची भीती वाटते. सिग्नलला त्यांच्या डाव्या बाजूने पुढे जावं का? पावसाळ्यात काय सांभाळावं?
— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : डावीकडून पुढे जाऊ नकोस. ट्रक उभा असला तरी नाही, आणि पुढे कितीही मोकळी जागा दिसली तरी नाही. एकदा कापूरबावडी नाक्याला फुटपाथवर उभा राहून डावीकडे वळणारा कंटेनर नीट बघ. पुढचं चाक जिथून जातं तिथून मागची चाकं जात नाहीत, ती कोपऱ्याकडे आत ओढली जातात. सायकलवाला नेमका त्या कोपऱ्यात सापडतो. ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर बसलेला. केबिनच्या डाव्या दाराला लागून कुणी असेल तर तो त्याला दिसत नाही. क्लीनर बघेल, या भरवशावर जीव टांगू नकोस. ट्रकच्या आरशात तुला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तू दिसत नाहीस. सिग्नलला मागेच थांब, त्याला वळून जाऊ दे.

पावसात झेब्र्याचे पांढरे पट्टे, लोखंडी प्लेटा आणि गटाराच्या जाळ्या निसरड्या होतात. त्यांच्यावर ना ब्रेक, ना वळण. जाळीच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर चाक आत रुततं, ती लांबूनच चुकव. रिमला घासणारे ब्रेक असतील तर ओल्या रिमवर ते लगेच पकडत नाहीत, आधी पाणी पुसलं जातं. म्हणून नेहमीपेक्षा बरंच आधी, हलके हलके दाबायला सुरुवात कर. डबक्यातून जाऊ नकोस, खाली खड्डा किती आहे ते कळत नाही.

पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, अंधारून आलं की दिवसाही लाव. पॅडलचे रिफ्लेक्टर तुटले असतील तर बदलून घे, ते वरखाली होताना लांबून ओळखू येतात. आणि कॅरियरवर सॅक बांधलीस तर मागचा दिवा झाकला जात नाही ना, हे निघण्याआधी चार पावलं मागे जाऊन बघ.