गाण्यात पदवी घ्यायची आहे? मग आधी वर्गात जाऊन बस

बारावीनंतर गाणंच करायचं हे ठरलं असेल, तर आधी अभ्यासक्रमाचं वेळापत्रक मागून घे. साध्या बी.ए.त संगीत हा बाकीच्या विषयांसोबतचा एक विषय असतो. आपल्याच गावात घरी राहून, गुरूंकडची तालीम न तोडता शिकायचं असेल तर तेही चांगलंच, पण रियाजाची जबाबदारी सगळी तुझी. दिवसभर संगीतच हवं असेल तर पुण्याच्या विद्यापीठाचं ललित कला केंद्र बघ, मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग बघ. मुलींसाठी एसएनडीटी महिला विद्यापीठही आहे.

गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही संगीत परीक्षा झाली म्हणून पदवी नको, असं कुणी म्हणेल. ऐकू नकोस. पुढे कॉलेजात शिकवायचं तर सहसा एम.ए. आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा लागते, आणि एम.ए.साठी आधी पदवी हवी.

प्रवेशाआधी एक दिवस तरी वर्गात बसायची परवानगी माग. तानपुरा सुरात लावलेला आहे का, की मोबाईलवरच भागवतात? ख्याल, म्हणजे रागातली बंदिश, शिकवताना तबल्यावर माणूस बसतो का? सर एकेकाला वेगळं गायला लावतात की पंधरा जण एकत्र गातात? इमारतीपेक्षा मी याला जास्त महत्त्व देईन. शिकवणाऱ्यांचं घराणं, म्हणजे गायनाची परंपरा, आणि तुझी आतापर्यंतची तालीम जुळते का, हेही तुझ्या गुरुजींना विचार.

बाहेरगावी जाणार असशील तर खोलीवर पहाटे गाता येईल का, हे घरमालकाला आधीच विचारून ठेव.