गाळाचा तास कितीला लावायचा?

प्रश्न : दादा नमस्कार, मी कळंब तालुक्यातला. दोन वर्षांखाली जुनी जेसीबी फायनान्सवर घेतली, हप्ता 28,000, मशीन मीच चालवतो. फेब्रुवारीपासून मृगापर्यंत तलावातला गाळ, शेततळी, बांधबंदिस्ती असं काम असतं, पाऊस पडला की मशीन दारात उभी. मागच्या साली 1,200 रुपये तासानं चालवली, औंदा शेजारच्या गावात दुसरी मशीन आली ती 900 नं जायलीय. लोक म्हणायलेत तू पण 900 घे, नाहीतर उक्तं गुत्तं घे. भावकी तर पैशाचं नावच काढत नाही. माझंही भागावं अन् शेतकऱ्यालाही लुटल्यासारखं वाटू नये, असा दर कसा काढू?

उत्तर : भाऊ, 900 चा विचार आधी डोक्यातून काढा. हप्ता बारा महिन्यांचा अन् काम चार महिन्यांचं, इथंच सगळं अडकलंय. वर्षाचे हप्ते झाले 3,36,000, दात, पिना-बुश, होज पाइप, टायर, ऑइल याला जुन्या मशीनला 1,20,000 तरी धरा, इन्शुरन्स-कागदपत्रं 40,000, म्हणजे पाच लाखाच्या घरात मशीन नुसती उभी राहूनच खाती. सीझनला 1,000 तास भरले तर तासाला 500 पडतात, 700 च भरले तर सातशेच्या वर. त्यात तासाला सहा लिटर डिझेल, म्हणजे साडेपाचशे, आणि तुमची मजुरी 150. मजुरी धराच, ड्रायव्हर ठेवला असता तर फुकट आला असता का? तर 1,000 तासाला 1,200 ही नुसती बरोबरी झाली, तुम्ही मागच्या साली कमवलं असं वाटलं असेल पण ते तुमच्याच घामाचे पैसे होते. मी म्हणीन 1,300 सांगा अन् ठाम राहा.

आता शेतकऱ्याचं. त्याला तासाशी घेणं नसतं, त्याला ट्रॉली कितीला पडली ते पाहिजे. ट्रॉल्या लायनीत उभ्या असल्या तर तासाला दहा भरतात, 130 ला एक. पण दोनच ट्रॅक्टर अन् शेत दोन किलोमीटर लांब असलं की चारच भरतात, मग तीच ट्रॉली सव्वातीनशेला जाती आणि माणूस म्हणतो जेसीबीवाल्यानं लुटलं. म्हणून काम घ्यायच्या आधी विचारा, ट्रॅक्टर किती आणि किती लांब? चार-पाच ट्रॅक्टर जमवायला लावा, दोघं-तिघं शेजारी मिळून लावले तरी चालतंय. तरी थांबावं लागलं तर इंजिन बंद करा आणि थांबलेल्या तासाचे 650 लावा, डिझेल जळत नाही ना, मग पूर्ण पैसे का घ्यायचे. हे आधीच सांगितलं तर कुणी भांडत नाही. कुणी म्हणला डिझेल माझं, त्यालाही 750 च.

गाळमुक्त धरण योजनेत अल्पभूधारकाला गाळ वाहून पसरायला एकरी 15,000 पर्यंत अनुदान आहे, 400 घनमीटर गाळ धरून, अडीच एकराच्या मर्यादेत. ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, म्हणजे एकराला साधारण 140 ब्रास, ब्रासला शंभराच्या आसपासच पडतात. शेतकऱ्याच्या डोक्यात हा आकडा असतो, म्हणून तुमचा हिशोब त्याला ब्रासमध्येच दाखवा. त्याच्या ट्रॉलीत ब्रास बसतंय का हेही टेप लावून बघा, फळी लावलेली अन् बिनफळीची ट्रॉली सारखी नसती.

गुत्त्याचं मात्र जपून. मी एकदा शेततळ्याचं गुत्तं घेतलं, वरची काळी माती लोण्यासारखी निघाली, पाच फुटाखाली मुरूम अन् त्याखाली असा कडक मांजऱ्या दगड लागला की बकेटचे तीन दात गेले आणि दोन दिवसाचं काम सहा दिवस चाललं, आकडा ठरलेला म्हणून तोंड उघडता येईना. तळ्यातल्या मोकळ्या गाळाचं गुत्तं घ्या, खोदाईचं नको. फारच आग्रह झाला तर पहिला एक तास तासाच्या दरानं खणून बघा, मगच आकडा बोला.

भावकीला दर कमी करू नका, एकाला केला की गावभर होतो. त्यांच्यासाठी मशीन न्यायचं-आणायचं भाडं सोडा, पैसे सोयाबीन निघाल्यावर घ्या. एखादी एकटी बाई शेती करती, तिचा बांध दुसऱ्याच्या कामाला जाता-जाता टाकून द्या, ते मी पण करायचो.

आणि चालू करताना मीटरचा आकडा शेतकऱ्याच्याच हातानं वहीत लिहून घ्या, बंद करतानाही त्याच्याच हातानं.