बायकांच्या वॉर्डात सहा वर्षांचा मुलगा

प्रश्न : सिस्टर, माझ्या सहा वर्षांच्या मुलाला डेंगी झाला होता. वजन १८ किलो. सिंहगड रोडच्या ज्या रुग्णालयात खाट मिळाली तिथे मुलांचा वॉर्ड नव्हता, म्हणून त्याला बायकांच्या जनरल वॉर्डात ठेवलं. शेजारच्या खाटेवर नागीण झालेल्या आजी होत्या. परवा तो बरा होऊन घरी आला, पण सासूबाईंचं एकच म्हणणं, स्पेशल रूम घ्यायला हवी होती. मुलांना असं मोठ्यांत ठेवणं चूक आहे का?
— एक आई, धायरी

उत्तर : ताई, डेंगीच्या पेशंटला दार लावलेल्या खोलीपेक्षा सिस्टरच्या टेबलासमोरची खाट केव्हाही बरी. सासूबाईंना माझं नाव सांगून सांगा.

युरोपात १९८८ साली रुग्णालयातल्या मुलांसाठी सनद झाली, तिच्यात मुलांना प्रौढांच्या वॉर्डात ठेवू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. मला ते मनापासून पटतं. पण आपल्या उपनगरांतल्या वीस-पंचवीस खाटांच्या नर्सिंग होमला वेगळा वॉर्ड परवडत नाही, आणि पावसाळ्यात खाट मिळाली हेच पुष्कळ. म्हणून सरसकट चूक म्हणवत नाही. माझा आग्रह एवढाच, की त्या वॉर्डात मुलांना सांभाळलेली एक तरी सिस्टर हवी. रात्रपाळीला तर हवीच.

का, ते सलाईनवरून सांगते. मुलांच्या मायक्रोड्रिप सेटचे, म्हणजे बारीक थेंब सोडणाऱ्या सलाईनच्या नळीचे, ६० थेंब म्हणजे १ मिली. मोठ्यांच्या साध्या सेटचे साधारण २०. मोठा सेट लावून कुणी मुलाच्या हिशेबाने थेंब मोजले, तर तिप्पट पाणी जातं. तुमच्या मुलाच्या वजनाला एरवी दिवसाला साधारण १४०० मिली पुरतं. डेंगीत डॉक्टर ते तासातासाने कमीजास्त करतात. जास्त झालेलं पाणी छातीत, पोटात साठतं. मी आयुष्यभर मुलांच्या वॉर्डात काम केलं, पण बाटलीखाली उभं राहून, घड्याळ धरून थेंब मोजायची सवय शेवटच्या ड्यूटीपर्यंत सोडली नाही.

बीपीचंही तसंच. मोठ्यांचा रुंद पट्टा मुलाच्या दंडाला बांधला की आकडा चुकतो, खरा असेल त्यापेक्षा कमी दिसतो. शिवाय डेंगीत मुलांचा वरचा आकडा बराच वेळ टिकून राहतो. वरच्या-खालच्यातलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं, हातपाय गार पडले, की धावपळ करायची. मोठ्यांच्या वॉर्डात वाढलेली नजर वरच्या आकड्यावर समाधान मानू शकते.

पुन्हा कधी वेळ आलीच, तर केसपेपरवर वजन किलोत लिहिलंय का बघा, लहान मापाचा पट्टा आणि लहान मास्कची अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आहे का विचारा. विचारायला संकोच करू नका. चांगल्या सिस्टरला राग येत नाही.

आता त्या आजी. त्यांना दोष देऊ नका, पण ती खाट शेजारी द्यायला नको होती. नागीण आणि कांजिण्या एकाच विषाणूच्या. मुलाला कांजिण्या झालेल्या नसतील, लसही नसेल, तर होऊ शकतात. फोड झाकलेले असतील तर धोका बराच कमी. ही लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, त्यामुळे खूप जणांची राहून जाते. त्याचं कार्ड आजच काढून बघा आणि बालरोगतज्ज्ञांना फोन करून सगळं सांगा. घरात कुणी गरोदर असेल तर तिच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला. तीन आठवड्यांत ताप येऊन अंगावर पाण्याचे फोड दिसले, तर दवाखान्यात न्यायच्या आधी कळवा, म्हणजे त्याला बाहेरच्या खोलीत तान्ह्या बाळांच्या शेजारी बसवणार नाहीत.