पुण्यात पर्यटकांची गर्दी नसलेली, फारशी माहीत नसलेली शांत ठिकाणं कोणती?

पेठांमध्ये जा. तुम्ही लिहिलंय की दोन दिवस पुण्यात आहात, शनिवारवाडा आणि दगडूशेठ आधीच बघून झालंय, आणि आता सहलीच्या बसेस थांबत नाहीत असं काहीतरी शांत हवंय. यावर पुणेकरांचं उत्तर ठरलेलं असतं: पानशेत, मुळशी, ताम्हिणी. गाडी काढा आणि शहराबाहेर पडा. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण आमच्या घरात हाच वाद वर्षानुवर्षं चालू आहे.

माझं माहेर सोमवार पेठेतलं. लग्न झाल्यावर सिंहगड रस्त्याला आले. धाकटे दीर बावधनला राहतात आणि त्यांचं ठाम मत असं की पेठांमध्ये आता हॉर्न, धूर आणि पडायला आलेले वाडे याखेरीज काही उरलेलं नाही. शांतता हवी तर तासभर तरी गाडी हाणावी लागते म्हणे. मी काही बोलायला गेले की, "वहिनी, तुम्ही माहेरच्या मायेपोटी बोलता," असं म्हणून विषय संपवतात.

एका डिसेंबरात जावेचे वडील अकोल्याहून आले होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, गुडघ्यांनी बेजार, पण बघायची हौस दांडगी. रविवारी दिरांनी आम्हा सगळ्यांना गाडीत घालून पानशेतला नेलं. खडकवासल्याच्या चौपाटीपाशीच गाड्यांची रांग लागली. एका बाजूला धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला कणसं-भजीच्या गाड्या, मधे वाट्टेल तशा लावलेल्या मोटारी. काका मागच्या सीटवर पाय आखडून बसलेले. पानशेतला पोचलो तर पाण्याकाठी कुणीतरी गाडीची दारं उघडी टाकून मोठ्ठ्यांदा गाणी लावली होती. येताना पुन्हा तीच रांग. काका बिचारे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठले नाहीत.

गुरुवारी मी जावेला म्हटलं, आज यांना मी नेते. रिक्षा केली आणि दुपारी सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीला गेलो.

नागझरी ओढ्याच्या कडेला हे देऊळ आहे. रस्त्यावरून जाताना नजरेत भरेल असं उंच शिखर त्याला नाही, म्हणून शेजारून जाणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. पण दर्शनी भिंतीसमोर उभं राहिलं की काळ्या दगडात इंचभर जागा मोकळी नाही. द्वारपाल, वर गजलक्ष्मी, हत्ती, मोर, पोपट, माकडं. काका चपला काढून त्या भिंतीपाशी गेले आणि खालच्या एका शिल्पापुढे थांबले. साखळदंडांनी बांधलेला गेंडा, आणि त्याला बांधणारा गोरा शिपाई.

"ताई, गेंडा पुण्यात कुठून आला?" त्यांनी विचारलं.

गेंडा बंगालकडचा. देवळाच्या बांधकामाला 1754 साली सुरुवात झाली, भीमगिरजी गोसावींनी ते बांधायला घेतलं, आणि 1770 साली मूर्तीची स्थापना झाली. मधे 1757 साली प्लासीची लढाई झाली आणि बंगाल इंग्रजांच्या हाती गेला. तो बांधलेला गेंडा म्हणजे बंगाल, असा अर्थ अभ्यासक लावतात. मला या गोष्टीचा लहानपणापासून अभिमान आहे. पुण्यात तेव्हा पेशवाई जोरात होती, पुणं इंग्रजांच्या हाती जायला अजून पन्नास-साठ वर्षं होती, आणि सोमवार पेठेतला एक पाथरवट तिकडे काय चाललंय ते छिन्नीने दगडावर नोंदवून ठेवत होता. तो गेंडा वाचायला कुठलाही गाईड लागत नाही. पाय दुमडून खाली बसायचं आणि बघायचं.

काका खरोखरच खाली बसले. गुडघ्यांचं दुखणं विसरून फरशीवर मांडी घातली, खिशातून छोटी वही काढली आणि त्या साखळीच्या कड्या काढायला लागले. कड्या एकात एक कशा अडकवल्यात, कुठे पीळ दिलाय, शिपायाच्या हाताला ताण कसा दिसतो, हे पेन्सिलच्या टोकाने जावेला दाखवत होते. लेकीला त्यांनी शेवटचं असं काही समजावून सांगितलं असेल ते ती शाळेत असताना. तेवढ्या वेळात गल्लीतली एक दप्तरवाली मुलगी आली, नमस्कार करून गेली. बाकी कोणी नाही. मग आम्ही आत गेलो. एक मुख, तीन सोंडा, मोरावर बसलेला गणपती. गाभाऱ्यात संस्कृत शिलालेख आहेत आणि त्यांच्या जोडीला एक फारसीसुद्धा. तळघरात एका गोसावी महंतांची समाधी आहे, तिथे पाणी असतं आणि ते गुरुपौर्णिमेला उघडतात, त्यामुळे एरवी तळघरासाठी पुजाऱ्यांच्या मागे लागू नका. देवळाला वळसा घालून मागच्या भिंतीवरचं लिंगोद्भवाचं, म्हणजे शिवलिंग प्रकट होण्याच्या कथेचं, शिल्प मात्र चुकवू नका. समोरचं बघून माणसं परत फिरतात आणि ते राहून जातं.

संध्याकाळी दीर आले. काकांनी वही पुढे केली. दिरांनी चित्राचं कौतुक केलं आणि मला विचारलं, "पण वहिनी, तिथे गाडी लावायला जागा आहे का?"

नाही. आणि माझं म्हणणं हेच आहे. गाडी लावायला ऐसपैस जागा झाली की त्या ठिकाणाची चौपाटी व्हायला वेळ लागत नाही. पेठेतल्या या जागा वाचल्या त्या बोळांमुळे. भावोजींनी अजूनही तो गेंडा प्रत्यक्ष पाहिलेला नाही. न बघता "पेठेत काय आहे" म्हणतात, त्याचा मला राग येतो.

आता तुमच्या दोन दिवसांचं. लक्ष्मी रस्त्यावर खरेदीच्या ऐन गर्दीत बेलबाग आहे. चौकाचं नाव सगळ्यांच्या तोंडी, पण आत नाना फडणवीसांनी बांधलेलं विष्णूचं देऊळ आहे हे निम्म्या पुण्याला माहीत नाही. दारातून आत पाऊल टाकलं की रस्त्याचा आवाज मागे पडतो. तुळशीबागेतही बायका बांगड्या-भांडी घेऊन परत जातात, मधल्या राममंदिरात दुपारी कोणी नसतं, तिथल्या लाकडी सभामंडपात निवांत टेका. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर तुम्ही ऐकलं असेल. आठव्या शतकाच्या सुमाराचं, अखंड खडकात कोरलेलं लेणं, आणि समोरचा गोल नंदीमंडप असा दुसरीकडे सहसा दिसत नाही. शनिवार-रविवार सोडून सकाळी जा. वानवडीची शिंदे छत्री जरा लांब पडते, पण मराठ्यांचे सरदार महादजी शिंदे 1794 साली जिथे वारले तिथली ही छत्री, म्हणजे त्यांचं स्मारक, आहे आणि शनिवारवाड्याच्या मानाने तिथे चिटपाखरू नसतं.

झाडं आणि मोकळी हवा हवी असेल तर पेठा उपयोगाच्या नाहीत, हेही सांगते. मग एम्प्रेस गार्डनला जा किंवा वेताळ टेकडीवर, पण त्यासाठीसुद्धा शहर सोडावं लागत नाही. टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते; ती खाणीच्या बाजूला विरळ होते, तिकडे वळा.

संकष्टी, मंगळवार आणि गणेशोत्सव या दिवसांत त्रिशुंडाला शांततेसाठी जाऊ नका. दुपारी गाभारा बंद असला तरी बाहेरचं कोरीवकाम बघायला मिळतं. ही सगळी चालती देवळं आहेत, फोटो काढायच्या आधी विचारा. गाडी हॉटेलवरच ठेवा. सप्टेंबर 2024 पासून मेट्रो जमिनीखालून स्वारगेटपर्यंत जाते. मंडईला उतरलात तर तुळशीबाग आणि बेलबाग अगदी जवळ, आणि कसबा पेठेला उतरून नागझरी ओलांडली की त्रिशुंड. रस्ता चुकलात तर कुठल्याही दुकानात विचारा. सोमवार पेठेतली माणसं दारापर्यंत आणून सोडतात.