मूत्राशयातील गाठ काढताना कमरेतील भूल बरी की पूर्ण भूल?

आपण लिहिता की वडील ६८ वर्षांचे शेतकरी आहेत, लघवीतून रक्त गेल्यावर केलेल्या तपासणीत मूत्राशयात कर्करोगाची गाठ निघाली, आणि आता ती दुर्बिणीतून काढायची आहे. कमरेत सुई दिली तर कंबर कायमची जाते, आणि पूर्ण भूल दिली तर म्हातारा माणूस लवकर सावरत नाही, अशी दोन्ही भये गावकऱ्यांनी आपल्या मनात घातली आहेत. मी लातुरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो, आणि निलंगा-औशाकडून येणारे नातेवाईक मला नेमके हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मूत्रमार्गातूनच आत जाऊन गाठ थोडी थोडी कापून काढतात, पोटावर चिरा नसतो, त्यामुळे दोन्ही प्रकारची भूल चालते. आपल्याकडच्या रुग्णांत वर्षानुवर्षे बिडी ओढणारे पुष्कळ असतात, कारण तंबाखूचा धूर हेच या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहे, आणि ज्याची छाती बिडीने आधीच खराब झालेली असते त्याला कमरेतील भूल बहुधा अधिक सोयीची पडते. तो स्वतःचा श्वास स्वतः घेत राहतो, घशात नळी घालावी लागत नाही, शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास वेदना जवळजवळ नसते आणि मळमळही कमी होते. शिवाय तो जागा असतो. मागे रेणापूरकडच्या एका आजोबांनी पडद्याकडे पाहत मला हळूच विचारले होते, "डॉक्टरसाहेब, ते फुलकोबीवानी दिसायलंय, ते माझंच हाय का?" असे बोलणे आम्हाला हवेच असते, कारण मूत्राशय धुण्यासाठी सोडलेले पाणी रक्तात जास्त शोषले गेले आणि सोडियम उतरले, तर जागा माणूस अस्वस्थ होतो, असंबद्ध बोलू लागतो, आणि धोका लगेच ध्यानात येतो.

मात्र गाठ मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीवर असेल तर विचार बदलावा लागतो, आणि आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर मला येथेच दिसते. त्या भिंतीला अगदी लागून ऑब्ट्युरेटर नावाची नस जाते. गाठ कापताना वापरलेल्या विजेच्या प्रवाहाने ती चेतवली गेली, तर मांडी एका झटक्यात आत ओढली जाते. कमरेतील भुलीने हा झटका थांबत नाही, कारण भूल मणक्यापाशी काम करते आणि वीज नसेला त्याच्या पुढे, थेट मूत्राशयाजवळ लागते. रुग्णाला काही दुखत नाही, पण पाय हलतो, आणि त्या क्षणी गाठ कापणारे तारेचे कडे भिंतीच्या आरपार जाऊ शकते. मूत्राशयाला असे छिद्र पडले की लघवीची नळी दोन दिवसांऐवजी पुष्कळ जास्त दिवस ठेवावी लागते, आणि गाठ पुन्हा येऊ नये म्हणून पहिल्या २४ तासांत मूत्राशयात सोडायचे मायटोमायसिनसारखे औषधही देता येत नाही. म्हणून अशा रुग्णाला मी एकतर सोनोग्राफीत पाहून जांघेपाशी ती नस वेगळी बधिर करतो, किंवा पूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल करणारे औषध देतो. तेव्हा आपल्या सर्जनना आधी एवढेच विचारा की गाठ कोणत्या भिंतीवर आहे.

कंबर कायमची जाते हे खरे नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस ठणकते, क्वचित कोणाला डोकेदुखी होते आणि ती उपचाराने जाते. पूर्ण भुलीची भीतीही अवाजवी आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या १६०० रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात केलेला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात ६० दिवसांनी चालता येणे, मृत्यू आणि नंतरचा मानसिक गोंधळ, या तिन्ही बाबतींत दोन्ही भुलींत लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रिया वेगळी असली तरी वृद्धांबद्दलची ही माहिती मला धीर देणारी वाटते. भुलीच्या प्रकारावर कर्करोग पुन्हा येणे अवलंबून असते, असेही कोणी सांगेल. पण स्तनाच्या कर्करोगाच्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवरील, २०१९ मधील मोठ्या चाचणीत तसे दिसले नाही, त्यामुळे त्यावरून भूल निवडू नये.

पुढे गाठ स्नायूत शिरलेली निघाली आणि सबंध मूत्राशय काढायची वेळ आली, तर पूर्ण भूल लागतेच. पोट उघडून ती शस्त्रक्रिया होत असेल तर पाठीत एपिड्युरलची, म्हणजे वेदना बधिर करणारे औषध सोडत राहण्याची, बारीक नळीही ठेवावी, असा माझा आग्रह असतो. तिच्यामुळे मॉर्फिन कमी लागते, आणि मॉर्फिनसारखी औषधे जास्त दिली की आतडी मंदावतात, गॅस सुटत नाही, आणि रुग्णाचे घरी जाणे लांबते.

वडिलांची बिडी आजच बंद करा. हृदयासाठी क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. कमरेतील भुलीपूर्वी ती साधारण ५ ते ७ दिवस थांबवावी लागते, पण हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्वतः बंद करू नका, विशेषतः स्टेंट बसवलेला असेल तर. आणि आदल्या संध्याकाळपासून त्यांना कोरडे उपाशी ठेवू नका. भरल्या उन्हाळ्यात रात्रभर पाण्याचा थेंबही न घेतलेले वृद्ध आमच्याकडे टेबलावर येतात आणि कमरेतील भूल चढताच त्यांचा रक्तदाब झपकन खाली येतो. जेवण ६ ते ८ तास आधी थांबवायचे असते, साधे पाणी मात्र सहसा २ तास आधीपर्यंत चालते; मधुमेह असेल तर नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या.