अमेरिकेत रिकॉल (सदोष टायर कंपनीने परत मागवणं) जाहीर होण्याआधीच टायर बदलले असतील तर पैसे परत मिळतात का?

मिळू शकतात. फक्त तुम्ही टायर बदलल्याची तारीख कंपनीने ठरवलेल्या मुदतीत बसली पाहिजे, आणि ती मुदत रिकॉलच्या नोटिशीतून किंवा कंपनीला विचारून कळते. आधी टायरवरचा पूर्ण डॉट क्रमांक (टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणारा ओळख क्रमांक) नोटिशीशी जुळवा. शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ असेल तर २०१९चा तेविसावा आठवडा. पूर्ण क्रमांक बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगालाही असू शकते. जुने टायर भंगारात गेले असतील तर दुकानाचं बिल शोधा, काही दुकानं त्यावर हा क्रमांक लिहितात.

कंपनीकडे अर्ज करताना नाव-पत्ता, टायरचं मॉडेल व साइज, रिकॉल क्रमांक आणि नव्या टायरची पावती जोडा. कंपनीने ६० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. महागडा ब्रँड घेतला असेल तर मूळ टायरच्या किरकोळ किमतीइतकीच रक्कम मिळू शकते, वरचा फरक तुमचा.

टायर अजून गाडीवरच असतील तर स्वतः बदलू नका. नोटीस आल्यापासून १८० दिवसांत ते डीलरकडे नेले की बदली फुकट, मात्र नोटीस निघाली तेव्हा खरेदीला पाच वर्षांहून जास्त काळ झालेला नसावा.