दत्तक गाव आणि सात दिवसांचे शिबिर

प्रश्न : जवळच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने आमचे गाव दत्तक घेतले आहे. दर जानेवारीत मुले-मुली येतात, शाळेत मुक्काम करतात, देवळाचे आवार झाडतात, ओढ्यावर वनराई बंधारा घालतात, झाडे लावतात. समारोपाला सत्कार होतात आणि पुढच्या वर्षी येरे माझ्या मागल्या. ग्रामपंचायतीचे काम केवळ जेवणाची आणि मुक्कामाची सोय करणे एवढेच आहे का?
– एक ग्रामपंचायत सदस्य, माण तालुका

उत्तर : नाही, आणि योजनेलाही ते अभिप्रेत नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. महाविद्यालयाच्या सल्लागार समितीत दत्तक गावाचा प्रतिनिधी असावा, असे तिच्या नियमपुस्तिकेतच सांगितलेले आहे. आपल्या गावाचा प्रतिनिधी त्या समितीत आहे का, हे प्राचार्यांना लेखी विचारावे. बहुतेक ठिकाणी ही जागा कागदावरच भरलेली असते.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. शिबिराच्या तारखा परीक्षा आणि सुट्ट्या पाहून ठरतात, ओढ्याचे पाणी पाहून नव्हे. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून घातलेला वनराई बंधारा पाऊस ओसरल्यावर, ओढा वाहता असतानाच घालावा लागतो, म्हणजे रब्बीला आणि जनावरांना पाणी मिळते. माणसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात जानेवारीपर्यंत ओढ्याची धार बहुधा आटलेलीच असते, त्यामुळे तेव्हाचा बंधारा फोटोपुरता उरतो. झाडांचेही तेच, थंडीत लावलेल्या रोपाला उन्हाळाभर पाणी घालणार कोण, याचे उत्तर शिबिराच्या अहवालात सापडत नाही.

मात्र योजना म्हणजे केवळ शिबिर नव्हे. प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास नियमित काम करायचे असते आणि दत्तक गावाला खरा उपयोग होऊ शकतो तो या तासांचा. बंधाऱ्यासाठी ऑक्टोबरातले दोन रविवार मागून घ्यावेत, आणि जानेवारीच्या शिबिरात विहिरींच्या पातळीच्या नोंदी, शोषखड्डे, घरोघरचे पाणी सर्वेक्षण अशी त्या हंगामाला साजेशी कामे द्यावीत. सर्वेक्षणाचे आकडे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी सोपवले गेले, तर ते ग्रामपंचायत विकास आराखडा करताना हाताशी येतात. एरवी ते महाविद्यालयाच्या कपाटात जातात.

यासाठी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत कामांची यादी ठरावाने मंजूर करून घ्यावी आणि ठरावाची प्रत प्राचार्यांना व कार्यक्रम अधिकाऱ्यांना द्यावी. कार्यक्रम अधिकारी हे अध्यापन सांभाळून ही जबाबदारी पेलणारे प्राध्यापक असतात; गावाकडून वेळेत नेमकी मागणी आली, तर त्यांना ती नकोशी वाटण्याचे कारण नाही. पोती, फावडी, टिकाव यांचा खर्च कोणी करायचा आणि मुले परतल्यावर बंधाऱ्याची डागडुजी गावातल्या कोणत्या तरुण मंडळाने किंवा बचत गटाने करायची, हेही त्याच ठरावात नावानिशी नोंदवून घ्यावे.